हैदराबादेत जंतू निघाले!

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, चारमिनार पाहिला का? पाहिला बाई, पाहिला. बांगड्यांच्या बाजारात हातभर बांगड्याही भरल्या. पण मी तिथं जे पाहिलं ते कुठल्याही सहलवाल्याच्या कार्यक्रमात नसतं. मी माझ्या नवऱ्याचं पोट आतून पाहिलं! तेही रंगीत टीव्हीवर. आणि त्या पोटात जंतू निघाले म्हणून आम्ही अख्ख्या गल्लीत जिलबी वाटली.

हे तोंडी सांगून सांगून माझा घसा बसलाय. दर वेळी ऐकणारी म्हणते, "अहो, जंतू निघाले तर आनंद कसला?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकावं.

आधी घरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर आमच्या आनंदाला काही अर्थ उरणार नाही. माझे यजमान चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माणूस मोजकं बोलणारा आणि आपलंच खरं करणारा. त्यांना कित्येक वर्षं अल्सर. आतड्याच्या तोंडाशी जखम, ती भरायची आणि पुन्हा चिघळायची. एकदा तर आतून इतकं रक्त गेलं की बाटल्या चढवाव्या लागल्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं, तिखट बंद, टेन्शन बंद, आणि यांना चिडू द्यायचं नाही. झालं! आमच्या घरातून मिरची गेली आणि तिच्यापाठोपाठ भांडणही गेलं.

माझं माहेर धुळ्याचं. हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर वाढलेली मी, आणि बोलायलाही तशीच. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "धुळ्याची मिरची आणि धुळ्याची जीभ, दोन्ही माझ्या पोराच्या पोटात गेल्या." मी गप्प. कारण मनातून मलाही वाटायचं, खरंच माझ्यामुळं झालं असेल तर? एखादा शब्द तोंडातून निसटला आणि आत पुन्हा रक्त सुरू झालं तर? हे "पडदे हिरवेच घ्यायचे" म्हणाले, हिरवे. "लग्नाला जायचं नाही" म्हणाले, नाही. मी घरात मऊ भात शिजवायची, दूध गार करायची आणि शब्द गिळायची.

मग देशात सगळीकडं वारं बदललं. घरोघरी केबल आलं, बाटलीबंद परदेशी सरबतं आली, आणि ह्यांच्या कारखान्यात जपानी भागीदार येणार, निम्मी माणसं घरी बसवणार अशी बोलवा उठली. नेमका तेव्हाच दुसऱ्यांदा रक्तस्राव झाला. सर्जन म्हणाले, आता औषधानं भागायचं नाही, दिवाळीनंतर पोट उघडू आणि जठराचा तुकडा काढू. ह्यांनी नुसती मान हलवली. त्या रविवारी स्कूटर पुसता पुसता म्हणाले, "सुमन, तू स्कूटर शिकून घे." मी "बरं" म्हटलं, मोरीत गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

अशात हैदराबादहून शोभाताईंचा फोन. शोभाताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन नारायणगुड्यात गेल्या त्या तिथल्याच झाल्या. "ऑपरेशन नक्को!" त्या फोनवर ओरडल्या. "आमच्या गल्लीत विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर आहे. तो म्हणतो अल्सर जंतूंनी होतो. गोळ्यांनी बरा होतो. रम्याला घेऊन ये, हौ?" रम्या म्हणजे आमचे हे.

ह्यांनी थट्टा केली. "पोटात ॲसिड असतं ॲसिड, त्यात जंतू जगतात होय? ताईला काहीही पटतं." दुसऱ्या दिवशी मात्र कामावरून येताना तिकिटं काढून आले. मी एक अक्षर बोलले नाही.

नारायणगुडा

प्रवासाचं काय सांगायचं, ह्यांना खिडकी मिळाली आणि मला थर्मास सांभाळायला मिळाला. सकाळी नामपल्ली स्टेशनवर उतरलो. बाहेर येताच तळलेल्या मिरचीचा वास आला आणि माझ्या जिभेला असं पाणी सुटलं म्हणता! आपल्याकडं भजी म्हणजे कांद्याची, बटाट्याची, आणि मिरची आपली बाजूला तोंडी लावायला. इथं मिरचीच नवरीमुलगी. बोटभर लांब, पोट चिरून आत मसाला भरलेली, पिठात बुडवून तळलेली, वर कच्चा कांदा आणि लिंबू. ह्यांनी त्या गाडीकडं पाहिलं आणि थर्मासमधलं दूध मागितलं.

शोभाताईंचे यजमान बँकेच्या कामानं वरंगळला होते, त्यामुळं घर आमचंच. शोभाताईंनी माझ्यासाठी मुगाच्या वाटणाचा डोसा केला, पेसरट्टू म्हणतात त्याला, आणि सोबत आल्याची तिखटजाळ चटणी. ह्यांच्यापुढं मऊ भात. ह्यांचं लक्ष माझ्या ताटात. मी डोशाचे नुसते तुकडे करत बसले.

"खा की गं," शोभाताई म्हणाल्या. "तू उपाशी राहून ह्याचं पोट बरं होतंय का? ह्याच्यासाठी तूच कायकू परेशान होते?" त्यांची मराठी अशीच, मधूनच उर्दूची फोडणी. ऐकायला मोठी गोड.

डॉक्टर मूर्तींचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. मला वाटलं होतं पिकल्या केसांचे गंभीर गृहस्थ असतील. तर हा कोवळा तेलुगू डॉक्टर, डोक्यावर केस पिंजारलेले, आणि बोलताना जागेवरच नाचतोय की काय असं वाटावं इतका उत्साह. ह्यांचे जुने रिपोर्ट चाळून तो माझ्याकडं वळला आणि थेट हैदराबादी हिंदीत म्हणाला, "अम्मा, मिर्ची का कसूर नै. गुस्से का भी नै. अंदर कीडे हैं, कीडे! इत्ते छोटे!"

मी विचारलं, "मिरचीनं नाही झालं?"

"मिर्ची से जलन होती. जख्म नै होता."

हे काही सोडतात! त्यांनी ॲसिडचा मुद्दा काढला. डॉक्टर खूश. म्हणाला, हेच सगळे मोठे डॉक्टर म्हणत होते. पण हा जंतू पक्का. ॲसिडच्या पावसात तो स्वतःभोवती अमोनियाची छत्री धरतो आणि जठराच्या चिकट अस्तरात शिरून मजेत राहतो. कुणाचा विश्वास बसेना तेव्हा परदेशातल्या एका डॉक्टरानं हे जंतू पेल्यात घालून स्वतः पिऊन दाखवले.

"प्यायला?" शोभाताई किंचाळल्या.

"पी गया! और बीमार पड गया!" डॉक्टर टाळी वाजवून म्हणाला. आजारी पडण्याची बातमी इतक्या कौतुकानं सांगणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

मग त्यानं काय करणार ते सांगितलं. तोंडातून नळी घालून आत बघायचं, जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा काढायचा आणि एका पिवळ्या पाण्याच्या बाटलीत टाकायचा. पाणी गुलाबी झालं तर जंतू आहेत, गोळ्या घ्या आणि बरे व्हा. पिवळंच राहिलं तर जंतू नाहीत, मग पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घ्या. म्हणजे आम्हाला जंतू हवे होते. भरपूर हवे होते!

बाटली

दुसऱ्या दिवशी ह्यांना कुशीवर निजवलं, घशात कडू फवारा मारला आणि काळी नळी आत गेली. मला बाहेर बसायला सांगतील असं वाटलं होतं, पण डॉक्टरनं टीव्हीसमोर स्टूलच दिलं. घरी केबलवर नाही नाही ते पाहिलं होतं, पण असा कार्यक्रम नव्हता पाहिला. ओली गुलाबी भुयारं, वळणं, चकाकणाऱ्या घड्या. आणि मग डॉक्टरनं नळी थांबवली. "ये देखो." मधे पांढुरकी आणि कडेला लाल अशी एक जखम होती.

इतकीशी! माझ्या टिकलीपेक्षा फार मोठी नसेल. हिच्यासाठी आम्ही सगळे पावलं न वाजवता चालत होतो. मला इतका राग आला त्या जखमेचा, आणि दुसऱ्याच क्षणी ह्यांची अशी दया आली, की मी नळीच्या मशिनवरून हात पुढं करून ह्यांचे पाय चेपू लागले. नर्स मला दटावून गेली.

तुकडा बाटलीत पडला. पाणी पिवळं. आम्ही तिघं बाकावर बसलो आणि बाटली समोरच्या टेबलावर. घसा बधिर, त्यामुळं ह्यांना बोलता येत नव्हतं. शोभाताई पुटपुटत होत्या, काय म्हणता विचारलं तर म्हणाल्या, "देवाला सांगते, जंतू घाल रे बाबा." पाणी पिवळंच. डॉक्टर इतर पेशंट सोडून मधेमधे येऊन डोकावून जाई. पाणी पिवळंच. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला पुण्याचं ऑपरेशन थिएटर दिसायला लागलं.

आणि मग तुकड्याच्या बुडाशी काहीतरी झालं. आधी वाटलं भास आहे. कोकमाचं पाणी पसरावं तसा एक गुलाबी धागा वर चढला. "शोभाताई!" "हौ, मला पण दिसतंय!" बघता बघता बाटली अशी गुलाबी झाली की तिच्यात कुणी होळी खेळलं! डॉक्टर आतून धावत आला, बाटली उजेडात धरली आणि ह्यांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "मुबारक हो! कीडे हैं!"

शेजारी एक खानसाहेब पोट धरून बसले होते. त्यांना वाटलं आत कुणाचं बाळंतपण झालं. त्यांनी मनापासून विचारलं, "बेटा या बेटी?" मी हसत सुटले, रडत सुटले, दोन्ही एकदम. हे बधिर घशानं घोगरं काहीतरी म्हणाले. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, "जिलबी आणा" म्हणत होते.

निघताना मी डॉक्टरला विचारलं, हे जंतू आले कुठून? तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही, बहुधा लहानपणी घरातूनच येतात, पूर्वी आया लेकरांना चावून घास भरवायच्या, त्यातूनही येत असतील. तुमच्याही पोटात असतील. पुष्कळांच्या असतात, सगळ्यांना अल्सर होत नाही. म्हणजे बघा, माझ्याही पोटात हे भाडेकरू असणार, आणि माझ्या ठेच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती!

शोभाताईंना एवढं पुरे होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता, तिथं काचेच्या खोक्यात आम्ही तिघं कोंबून उभे राहिलो आणि चिंचवडला फोन लावला. "आई, जंतू निघाले! ऑपरेशन नाही! आणि तू रम्याला चिवडा चावून भरवायचीस ना, त्यातून गेले!"

तिकडून सासूबाईंचा आवाज बूथच्या बाहेरपर्यंत आला. "तुलापण भरवला मी! तुझ्या पोटात कुठं काय झालं?"

डॉक्टरचंच उत्तर, न शिकता! मग सासूबाईंनी मला मागितलं. "सुमन, मग त्या मिरचीचं काय म्हणाला?"

"मिरचीचा दोष नाही म्हणाले, आई."

मीटरचे लाल आकडे पळत होते. मग त्या म्हणाल्या, "हं. तरी बेतानंच टाकत जा." त्यांच्याकडून एवढं मिळालं हेच पुष्कळ, मी बूथवाल्यालाही जिलबी दिली.

काळं आणि पांढरं

गोळ्या दोन आठवड्यांच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळ्या मिळाल्या, हैदराबादेत औषधांचे कारखाने काय थोडे आहेत! डॉक्टरनं नजरेखाली राहायला सांगितलं म्हणून आम्ही शोभाताईंकडंच मुक्काम ठोकला. ह्यांच्या तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. तरी फिरलो. सकाळी इराण्याकडं चहा, बशीत ती तोंडात विरघळणारी खारी-गोड बिस्किटं. चहा मलाच, ह्यांना बिस्किटं.

आणि एका सकाळी हे संडासातून बाहेर आले ते भिंतीला धरून. चेहरा पांढराफटक. "सुमन, काळं झालं." दोन्ही वेळा रक्त गेलं तेव्हा अशीच सुरुवात झाली होती, डांबरासारखं काळं शौच. शोभाताईंनी रिक्षा थांबवली, आम्ही ह्यांना मधे धरून बसवलं. मी देवाला आणि डॉक्टरला एकदमच बोल लावत होते. गोळ्यांची अक्कल कुणी शिकवली, सरळ ऑपरेशन केलं असतं, माझंच चुकलं, मीच अडवायला हवं होतं.

डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबलं, जीभ बाहेर काढायला लावली. जीभही काळी! तशी त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अय्यो! बोलाच नै मैं!" त्या गोळ्यांत बिस्मथ नावाचं औषध होतं, त्यानं जीभ आणि शौच दोन्ही काळी होतात, हे आनंदाच्या भरात सांगायचंच राहिलं होतं. मी त्याला अस्सल धुळ्याच्या मराठीत फाडफाड बोलले. त्याला एक शब्द कळला नसेल, पण त्यानं कान पकडले आणि स्वतःच्या हातानं ह्यांना पाणी दिलं.

पुढं चार दिवसांनी उलटी तऱ्हा, ह्यांना जुलाब. या वेळी डॉक्टर गंभीर होऊन म्हणाला, गोळ्या दोस्त-दुश्मन बघत नाहीत. आतड्यात चांगल्या जंतूंची मोठी वस्ती असते, अन्न पचवायला तेच हातभार लावतात, तेही बिचारे मारले जातात. ताक प्या, दहीभात खा, वस्ती पुन्हा बसेल. तेव्हापासून माझी नजरच बदलली बघा. माणूस म्हणून आपण एकटे हिंडतो असं वाटतं, आणि आत ही भरलेली चाळ! शोभाताई ह्यांच्या पानात दही वाढताना म्हणायच्या, "घे, तुझ्या पोट्ट्यांना जेवायला घाल."

पुन्हा एकदा

गोळ्या संपल्या, घरी आलो, पुण्याची तारीख रद्द केली. दुखणं थांबलं होतं, पण डॉक्टरनं तपासणीला पुन्हा बोलावलं होतं. जंतू मेलेत की दबा धरून बसलेत हे पाहिल्याशिवाय खरं नाही. संक्रांतीनंतर पुन्हा हैदराबाद.

तीच नळी, तोच टीव्ही. जखमेच्या जागी फक्त एक फिकट वण. तीच बाटली, पण या वेळी पिवळंच राहायला हवं होतं. आणि काय सांगू, गुलाबी होण्याची वाट बघणं सोपं असतं. काहीच न होण्याची वाट कशी बघायची? दर मिनिटाला मला गुलाबी दिसायचं आणि शोभाताई म्हणायच्या, "ते तुझ्या साडीचं प्रतिबिंब आहे, सरक तिकडं." संध्याकाळ झाली. शेवटी डॉक्टर आला, बाटली हलवली, हसला. "खतम. सब खाओ. हळू हळू." शेवटचे दोन शब्द तो शोभाताईंकडून शिकला होता.

हळूहळू कसलं! हे दवाखान्यातून निघाले ते थेट मिरचीभज्यांच्या गाडीवर. मी म्हटलं अर्धी खा, तर अख्खी तोंडात. डोळे लाल, नाक वाहतंय, तोंडातून फूफू, आणि मान मात्र हलतेय, "अजून एक." इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी उभं राहून माझा नवरा मिरची खात होता. मी पदरानं त्यांचं नाक पुसलं, भररस्त्यात, कुणाची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. शोभाताईंचा निरोप घेऊन रिक्षात बसलो आणि हे रिक्षावाल्याला म्हणाले, "नामपल्ली."

मी तिकीट पाहिलेलं होतं. येताना नामपल्लीला उतरलो, पण जाताना गाडी सिकंदराबादहून होती, अगदी उलट्या दिशेला. सवयीनं मी ओठ मिटले. रिक्षा सुरू झाली. मग माझं मलाच हसू आलं. अगं, आता कशाला? आणि मी म्हटलं, "सिकंदराबाद."

"नामपल्ली," हे म्हणाले. "मला माहीत आहे."

"खिशातलं तिकीट काढा."

"कशाला? मला पाठ आहे."

रिक्षावाल्यानं गाडी कडेला घेतली. "अम्मा बोलरे सिकंदराबाद, साब बोलरे नामपल्ली. रिक्षा तो एकीच है मेरे पास."

मी ह्यांच्या खिशात हात घालून तिकीट काढलं आणि नाकासमोर धरलं. सिकंदराबाद. रिक्षा वळली. हे तिकिटाकडं बघत राहिले आणि वर मलाच म्हणाले, "मग घरातून निघतानाच का नाही बोललीस?"

बस्स! माझं धरणच फुटलं. निघतानाच? बोलू कधी दिलंत? हिरवे पडदे मला तेव्हाही आवडले नव्हते! माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नाहीत! आई चारचौघांत माझ्या मिरचीचं काढायच्या तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसायचात! मी बोलत होते, रिक्षा पळत होती, आणि ह्यांचा हात हळूच पोटावर गेला.

घरात आमचा हाच इशारा होता. हात पोटावर गेला की सगळे गप्प. मीही वाक्याच्या मधेच थांबले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

हे आत लक्ष देऊन ऐकत होते, दारावर कुणी आलंय का हे कानोसा घेऊन बघावं तसे. मग त्यांनी हात पोटावरून उचलला, त्याच्याकडं पाहिलं आणि चेहराभर हसले. "काही नाही गं," ते म्हणाले. "काहीसुद्धा होत नाही. बोल तू. पुढं बोल."

मग मी बोलले. स्टेशन आलं तरी माझं संपलं नव्हतं. ह्यांनी एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हातानं माझा हात धरला, आणि आम्ही भांडत भांडत प्लॅटफॉर्मवर पळालो.